चौऱ्याहत्तरावं माप

क्लिफर्ड स्टॅन्सफील्ड गेला तेव्हा
व्हायोलाचा कॉन्चेर्टो तिसऱ्या भागात
चौऱ्याहत्तराव्या मापापर्यंत आला होता.
पुढे नुसत्या पाच रेघा, पाच रेघा,
टॉडमॉर्डनच्या टेकडीवरच्या दगडी कुंपणांसारख्या,
आत एकही मेंढी नाही.

मेव्हिसनं मला बुटांचा खोका दिला.
गॅसच्या बिलामागे ओबोची ओळ,
लायब्ररीच्या पावतीवर टिंपनीचे चार ठोके,
आणि एका चिठोऱ्यावर, दोनदा अधोरेखित:
सा, कोमल गंधार, मग वरचा धैवत.
(मी अजून असंच वाचते. चाळीस वर्षं झाली इथे.)
"तुलाच लागतं त्याचं अक्षर," ती म्हणाली,
"मला तर त्याची वाणसामानाची यादीही लागली नाही कधी."

एकवीस वर्षं मी त्याची पानं उतरवून काढली.
उतरवणं निराळं. पुरं करणं निराळं.
मिरजेला दुकानात बाबा जवारी काढायचे,
घोडीवर कानस, तार छेडायची, ऐकायचं, पुन्हा कानस.
म्हणायचे, कमी घासलं तर उद्या बसता येतं,
जास्त घासलं की गेलं.

हिवाळाभर बसले.
ते तीन स्वर मला दुःख वाटले.
आजारी माणूस, खिडकी, खाली कालव्यावर धुकं,
असं काहीबाही मी ठरवूनच टाकलं
आणि त्यांच्यावर शंभर मापं रचली.
चेलोंना दिले, हॉर्नला दिले, उलटे करून व्हायोलाला.

तालीम दर मंगळवारी, चॅपलच्या मागच्या खोलीत.
हॉर्नवाला गॉर्डन दिवसभर खाटकाच्या दुकानात उभा,
यायचा तो थकलेले ओठ घेऊन.
दुसरी क्लॅरिनेट बाळंत झाली.
फेब्रुवारीत बर्फानं रस्ता बंद,
रोवेना लीड्सहून पोचेना,
तिच्या जागी माझं गुणगुणणं.
आली तेव्हा म्हणाली, चौऱ्याण्णवाव्या मापात बोटं पुरत नाहीत,
क्लिफर्ड असं लिहिणार नाही.
मी गप्प. रात्री खोडलं. पुन्हा लिहिलं, पुन्हा खोडलं.

कंडक्टर म्हणे, तो थांबला तिथंच थांबू,
दिवे मालवू, लोकांना आवडतं.
मला पटेना.
माणूस जेवता जेवता उठून गेला
म्हणून त्याचं ताट गावभर दाखवत हिंडायचं?

शेवटच्या तालमीला मेव्हिस आली,
मागच्या बाकावर, कोट न काढता.
हॉर्नमधून तीन स्वर निघाले, गंभीर, ओलसर,
आणि ती हसली. खळखळून.
गॉर्डन घसरला. सगळेच थांबले.
"अगं, ही तर ब्रॅम्बलची शीळ!
कुत्र्याला टेकडीवरून हाक मारायचा अशी.
तिसरा स्वर दर वेळी चढा लागायचा त्याचा,
म्हणून लिहून ठेवला असेल.
कुत्र्याला कळायचंच."

शनिवारला चार दिवस.
घरी येऊन पेन्सिल धरली, कानस धरावी तशी.
शंभर मापं शोकाची, उभी एका शिळेवर.
स्वर एकही हलवला नाही, फक्त शेवटचा सोडून.
वरती लिहिलं होतं: संथ, शोकमग्न.
ते खोडून लिहिलं: चढण चढत, थोडी धाप लागून.

एकशे सात माणसं, दोन हीटर.
पत्रिकेत त्याच्या नावाखाली बारीक टायपात माझं,
स्पेलिंग चुकलेलं.
चौऱ्याहत्तरावं माप आलं. ओलांडलं.
सांधा कुणाला कळला नाही;
रोवेनाला कळला, तिच्या खांद्यावरून मला दिसलं.
शेवटी व्हायोला एकटा,
सा, कोमल गंधार, आणि धैवत
किंचित चढा.

टाळ्या पडायच्या आत, तिसऱ्या रांगेत,
मेव्हिसचा हात नकळत कोटाच्या खिशात गेला,
बिस्किट चाचपावं तसा.